अतिदाब ऑक्सिजन उपचार : व्यायामोत्तर स्नायुदुखी

सवय नसलेल्या व्यायामाने, विशेषतः उतारावर धावल्याने किंवा वजन सावकाश खाली आणण्याने, स्नायू भरून येतात. ही दुखी २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते व बहुधा आठवड्याभरात आपोआप ओसरते. ती लवकर ओसरावी म्हणून खेळाडूला दाबकक्षात बसवून, साधारण २ ते २.५ वातावरण दाबाखाली तासभर शुद्ध ऑक्सिजन देतात.

तत्त्व : साध्या हवेत श्वास घेताना १०० मिलि. रक्तद्रवात जेमतेम ०.३ मिलि. ऑक्सिजन विरघळलेला असतो. ३ वातावरण दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतल्यास हे प्रमाण सुमारे ६ मिलि. होते, विश्रांतीत शरीराचे तेवढ्यावर भागते. रक्तातील तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकलेली डुकरे दाबकक्षात जिवंत राहतात, हे ॲम्स्टरडॅमच्या बुरेमा यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले. वाढीव ऑक्सिजनने सूज व दाह कमी होतो, असे समर्थक मानतात. मात्र ही दुखी मुळात ऑक्सिजनच्या तुटवड्याची नव्हे. अनभ्यस्त ताणाने स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेची आहे.

चाचण्या : मेकयाविच व सहकाऱ्यांची चाचणी (२०००) रचनेच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. कोपर वाकवणारे स्नायू थकवलेल्या २४ पुरुषांना ७ दिवस रोज तासभर २.५ वातावरण दाबाखाली ठेवले. एका गटाला शुद्ध ऑक्सिजन, तर दुसऱ्याला फक्त ८ टक्के ऑक्सिजन असलेले मिश्रण दिले. त्या दाबाला ते साध्या हवेइतकेच ठरते. दाब दोघांनाही सारखा असल्याने कोणाला काय मिळाले हे जाणवण्याजोगे नव्हते. दुखी व ताकद यांत फरक आढळला नाही. स्टेपल्स व सहकाऱ्यांना (१९९९) दुखीत नाही, पण ताकद परत येण्यात काही लाभ दिसला.

सिडनीचे मायकेल बेनेट व सहकारी यांच्या कॉक्रन आढाव्यात (२००५) ९ चाचण्या व २१९ व्यक्ती होत्या. दोन चाचण्या घोटा व गुडघ्याच्या इजांच्या होत्या. व्यायामानंतर लगेच उपचार घेतलेल्यांची दुखी ४८ तासांनी १० पैकी ०.८८ गुणांनी अधिक भरली. सूज व ताकदीत फरक नव्हता. चाचण्या लहान असल्या, तरी त्यांवरून हा उपचार सुचवता येत नाही.

धोके : कानाच्या पडद्याला इजा, तात्पुरता दृष्टिदोष, क्वचित झटके, कक्षात आगीचा धोका.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन निषिद्ध नाही.