तो लाल दिवा

"अरे, इंजिन मंद असलं की लागतोच तो दिवा!" बाबांचं हे वाक्य मी ऐकलं आणि २०१८ च्या पावसाळ्यात रात्री पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटात आम्ही दोघं अडकलो. महाडहून निघतानाच डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह पेटलं होतं. घाटात आधी वायपर मंदावले, मग हेडलाइट पिवळे पडले, शेवटी इंजिनच बंद.

बाबा तसे चुकले नव्हते, गाड्या बदलल्या होत्या. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर आला, आणि हळूहळू बॅटरी अन् डायनॅमो सगळ्याच गाड्यांत आले. बाबांच्या जुन्या फियाटमध्येही डायनॅमोच. मंद इंजिनवर तो पुरेशी वीज देत नाही, म्हणून दिवा मिणमिणायचा; रेस दिली की विझायचा. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून अल्टरनेटर रुळत गेला. तो मंद इंजिनवरही चार्जिंग करतो. म्हणजे आता चालू इंजिनवर दिवा पेटला, तर बहुतेक वेळा गाडी नुसत्या बॅटरीवर चाललेली असते!

सकाळी मेकॅनिकने मीटर लावला. साधारण १४ व्होल्ट हवेत, होते जेमतेम ११. अल्टरनेटर गेलेला.

असो. तुमचा दिवा लागला तर घाट चढू नका, गावातच मेकॅनिक गाठा.