म्हणीचे चित्र

‘गाव तिथे महारवाडा’ ही म्हण चित्रात मांडायची झाली, तर चित्रकाराचा हात सवयीने आधी देऊळ काढतो, मग पार, चावडी आणि उरल्या कोपऱ्यात चार झोपड्या. म्हणीचा रूढ अर्थही तसाच : चांगल्यासोबत वाईट असायचेच! वाईट कोण हे ठरविणारा मात्र चित्रात कुठेच नसतो.

चित्र वेशीपासून सुरू करावे. तिथे वेसकर उभा आहे, हाती काठी. शिवेच्या तंट्यात साक्ष त्याची, सरकारी सारा पोचविणारा तो, मेलेले ढोर ओढणाराही तोच. मोबदला बलुते आणि वतनाचा तुकडा. या वेठीतून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने प्रत्यक्ष गेली ती स्वातंत्र्यानंतर दहा वर्षे उलटल्यावर.

दुसरे चित्र नांदगाव तालुक्यातच सापडते, मनमाडला. १२-१३ फेब्रुवारी १९३८ रोजी तिथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. गाव सोडून रुळावर आलेला आमचा माणूस गँगमन म्हणून लागे आणि गँगमन म्हणूनच मरे, हे त्यांनी तिथे मांडले. त्याला पोर्टर करीत नसत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी राबावे लागे, आणि त्या घरात याचा स्पर्श चालत नसे. रेल्वे विलायतेची, पण महारवाडा रुळाच्या कडेला पुन्हा उभा!

चित्रकाराने बसायची जागा बदलावी. गँगमनच्या शेजारी बसले, की देवळाचा कळस बारीक होतो. हातोडा कागदभर येतो.