उंदीर सापडेपर्यंत



रोगांचा इतिहास सांगावा तो वैद्यांनी किंवा डॉक्टरांनी. आम्ही दोन्ही नव्हे. आमचे आयुष्य गेट-सभा आणि वाटाघाटी यांत गेले. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तरीही उंदरापासून माणसाला होणाऱ्या रोगांच्या संशोधनाचा विषय आम्ही मुद्दाम निवडला. कारण त्याचा एक मोठा अध्याय मुंबईत लिहिला गेला, त्याची झळ आपल्या कल्याणच्या फलाटाला लागली, आणि त्याची किंमत प्रामुख्याने कष्टकऱ्यांनी मोजली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. आणि जेथे धान्य तेथे उंदीर. उंदीर मरून पडत होते, हे लोक पाहत होते. सरकारची नजर मात्र माणसावर होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. घरे धुतली गेली, रोग्यांना घरच्यांपासून तोडून नेण्यात आले. भयाने लाखो लोक शहर सोडून निघाले. गिरण्यांना माणूस मिळेना, तेव्हा रोजची मजुरी रोज हातावर ठेवून मालक एकमेकांचे कामगार ओढू लागले. देशावर परतणाऱ्या कामगाराची वाट कल्याणवरून, कारण तेथेच पुण्याचा आणि नाशिकचा लोहमार्ग फुटतो. म्हणून तेथे उतारूंची तपासणी बसली. काखेत किंवा जांघेत गाठ आहे काय, ते चाचपून पाहत. बायामाणसांच्या मनात या तपासणीची केवढी दहशत बसली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी नारायण मेघाजी लोखंडे गेले. १८४८ साली आपल्या ठाण्यात जन्मलेला, १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारणारा, १८९० साली रविवारची सुटी मिळवून देणारा हा पुरुष प्लेगग्रस्तांसाठी राबता राबता प्लेगनेच दगावला. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले तशाच गेल्या. दोघांपाशी सेवा होती, धैर्य होते. पण रोग माणसापर्यंत पोचतो कसा, याचे पक्के ज्ञान तेव्हा जगात कोणापाशीच नव्हते.

जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. पण जंतूची वाट कोणती? २ जून १८९८ रोजी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्रयोग करून दाखविले की, मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू रोग घेऊन दुसऱ्याकडे जाते. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने त्याचे म्हणणे फारसे मनावर घेतले नाही. मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन यांनी तो धागा पुन्हा उचलला, आणि १९०५ पासून नव्या संशोधन मंडळाने परळला, आज जेथे हाफकिन संस्था आहे तेथे, लहान लहान खोपटी बांधून त्यांत प्राणी ठेवले. रोगी प्राण्याशेजारी निरोगी प्राणी ठेवला आणि पिसवा नसल्या, तर रोग लागेना. पिसवा सोडल्या की लागे. पिंजरा जमिनीवर ठेवला तर प्राणी मरे. पिसूची उडी पोचणार नाही इतका उंच टांगला तर वाचे. किती साधा प्रयोग! खेड्यातल्या माणसाला अर्धे उत्तर आधीच ठाऊक होते: उंदीर पडू लागले की बिऱ्हाड उचलून माळावर झोपडी बांधावयाची. परळच्या खोपट्यांनी त्या शहाणपणाचे कारण सांगितले.

या शोधाने केवळ पिसू सापडली असे आम्ही मानत नाही. त्याने आरोपी बदलला. तोवर दोष होता उतारूच्या काखेत. आता तो गेला वखारीच्या फरशीखाली, चाळीच्या अंधाऱ्या खोलीत, न उचललेल्या कचऱ्यात. आणि फरशी, चाळ, कचरा यांना धनी असतो. त्याला जाब विचारता येतो.

हीच कथा पुढे पुन्हा घडली. कोरियाच्या युद्धात, १९५१ नंतर, तीन हजारांहून अधिक सैनिक एका अनोळखी तापाने आजारी पडले. अंगात रक्तस्राव होई, मूत्रपिंडे निकामी होत. कारण सापडावयास १९७६ साल उजाडले. हो-वांग ली यांनी शेतातल्या पट्टेदार उंदराच्या फुप्फुसात त्याचा माग काढला आणि हानतान नदीवरून त्या विषाणूला नाव पडले. येथे पिसूचीही गरज नाही. उंदराचे मूत्र, लेंड्या, लाळ सुकून धुळीत मिसळते आणि ती धूळ श्वासावाटे आत जाते. गंमत अशी की, याच कुळातला एक विषाणू १९६४ सालीच आपल्या देशात, वेल्लोरला, एका चिचुंद्रीत सापडला होता. पण त्याचे कूळ पुढे कळले.

आणि आपल्या घरचे उदाहरण लेप्टोचे. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण, उल्हासनगर, बदलापूर पाण्याखाली गेले. अशा पाण्यात उंदराच्या मूत्रातील जंतू असतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून ते शरीरात शिरतात. गटारात उतरणारा सफाई कामगार त्या पाण्यात रोजच उभा असतो.

तेव्हा मंडळी, इतिहासाचा हिशेब असा. भिवंडीच्या गोदामातील बंद खोली झाडण्यापूर्वी दारे-खिडक्या उघडून ठेवणे, लेंड्या कोरड्या न झाडता जंतुनाशक पाण्याने भिजवून पुसणे, हातमोजे, तोंडावर योग्य मास्क, पायात गमबूट, या गोष्टी कोणाची मेहेरबानी नव्हेत. त्या संशोधनाने सिद्ध केलेल्या गरजा आहेत, आणि म्हणून त्या मागणीपत्रात लिहावयाच्या आहेत. लोखंड्यांना जे ज्ञान मिळाले नाही ते आपल्या हाती आहे. ते ग्रंथालयाच्या कपाटात राहिले, तर कल्याणच्या फलाटावर चाचपली गेलेली ती माणसे आपल्याला क्षमा करणार नाहीत.