जागलीची बंदूक

आमच्या सिल्लोड-अजिंठ्याच्या पट्ट्यात बंदुकीचे दोन इतिहास आहेत. पहिला पुस्तकांतून आलेला. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या मैदानात वेलस्लीची इंग्रज फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज भिडली. ते असई आमच्यापासून लांब नाही, आता जालना जिल्ह्यात मोडतं. पुढं सोळा वर्षांनी, २८ एप्रिल १८१९ ला, मद्रासच्या घोडदळातला कॅप्टन जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला म्हणून वाघूरच्या खोऱ्यात आला आणि त्याला झाडोऱ्यात लेण्याची कमान दिसली. त्यानं १० नंबरच्या लेण्यात आपलं नाव नि तारीख खरडून ठेवली. वाघ मिळाला की नाही, याच्याशी कुणाला देणंघेणं राहिलं नाही.

दुसरा इतिहास जागलीचा. जागल म्हणजे उभ्या पिकाची रात्रीची राखण. ज्वारी हुरड्यात आली, भुईमुगाला शेंगा धरल्या, की घरातला एक माणूस घोंगडी घेऊन रानात जायचा आणि चार खांबांच्या माळ्यावर रात्र काढायचा. हाताशी गोफण, फुटका पत्रा नाहीतर तेलाचं डबडं. आणि ज्याची ऐपत असेल त्याच्याकडं बंदूक. ह्या बंदुकीनं कुठलं राज्य घेतलं नाही की लेणं शोधलं नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी लिहिलं नसावं. पण गावातल्या दहा म्हाताऱ्यांना विचारा, असईची लढाई दोघांना माहीत असेल, कुणाच्या बंदुकीचा बार कसा वाजायचा हे दहाहीजण सांगतील.

आमच्या आजाची बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, प्रत्येक वेळी गजानं ठासायचं. मागं कानावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जायची आणि बार व्हायचा. सगळं दिवसाउजेडी करायचं तर ठीक. अंधारात, वारा सुटलेला, कंदील झाकलेला, अशा वेळी एक बार भरायला चांगली दोन-तीन मिनिटं जायची. तेवढ्यात डुकरांचा कळप बांधापलीकडं जाऊन परत यायचा. आणि आमची खरी जागल पावसाळ्याची. टोपी ओलसर झाली की नुसतं ‘चट्‌’ व्हायचं. आजा म्हणायचा, “बंदुकीला पडसं झालं.”

ह्या बंदुकीला कायद्यात स्वतःची जागा होती. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या १३ व्या कलमात जणू आमच्या घरातला वादच लिहून ठेवलाय. ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी. निदान वीस इंच लांब नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, स्वसंरक्षणासाठी नाहीतर शिकारीच्या खेळासाठी. आणि पॉईंट बावीसची रायफल कुणाला, तर रायफल क्लबच्या सभासदाला, निशाणबाजीच्या सरावासाठी. पुढं एक पळवाटही ठेवली आहे. ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीला पुरत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो शेतकऱ्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. कायदा लिहिणारा कोण होता माहीत नाही, पण त्यानं कधीतरी ओल्या टोपीचा ‘चट्‌’ ऐकला असावा.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. चांगला पाऊस झाला, ज्वारी कमरेच्या वर गेली, आणि डोंगरातली सगळी जनावरं खाली उतरली. डुकरं होतीच, रोह्यांचे कळप आले. नेमकं त्याच साली आजाची बंदूक कानापाशी झिजलेली निघाली. औरंगाबादच्या दुरुस्तीवाल्यानं नळीत काडी घालून बघितली आणि सांगितलं, “आता ही उडवू नका. पुढच्यापेक्षा मागच्याला जास्त धोका आहे.” घरात बंदुकीची बैठक बसली.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, मत सरळ होतं. परवाना ठासणीचा आहे, ठासणीचीच दुसरी घ्या. दारू-छर्रे स्वस्त, खर्च कमी. तात्याला बारा बोअर पाहिजे होती. “अण्णा, काडतूस घातलं की झालं. पाऊस नाही, वारा नाही. दोन मिनिटं ठासत बसायचं, तवर सरी रिकामी होती,” हे त्याचं म्हणणं. ‘बारा बोअर’ म्हणजे काय, हेही त्यालाच ठाऊक होतं. नळीत बरोबर बसतील असे शिशाचे गोल गोळे केले तर एका पौंडात बारा बसतात, म्हणून बारा. तात्या हे सांगून सगळ्यांवर छाप पाडायचा.

तिसरं मत फौजेतून सुटीवर आलेल्या मामाचं. तो म्हणाला, खरी घ्यायची तर बावीसची रायफल. हलकी, काडतूस करंगळीच्या पेराएवढं. हे काडतूस वेगळं असतं. मोठ्या काडतुसाला मागं मधोमध टोपी असते. ह्याला नसते. मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, घोडा कडेवर पडतो. मग त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, की तिच्या तोंडाला एक नळकांडं बसवतात, सायलेन्सर, आणि मग फक्त टाळी वाजल्यासारखं होतं. शेजारच्या रानातल्याला कळत नाही. एक डुक्कर पडलं तरी दुसरं खातच राहतं.

मामा बढाई मारत नव्हता. हायरम पर्सी मॅक्सिम नावाच्या अमेरिकन माणसानं १९०९ साली ह्या नळकांड्याचं पेटंट घेतलं. मशीनगन शोधणाऱ्या मॅक्सिमचा हा मुलगा. बापानं बंदुकीचा आवाज वाढवला, पोरानं कमी केला. नळकांड्याच्या आत एकामागं एक पडदे असतात. दारूचा तापलेला धूर एकदम बाहेर न फुटता त्यांच्यात अडखळत, थंड होत बाहेर पडतो. मोटारीच्या सायलेन्सरचं तत्त्व साधारण हेच. (आमची पोरं आता बुलेटचा तोच सायलेन्सर काढून टाकतात, हा भाग वेगळा.) बावीसच्या काडतुसात दारू चिमूटभर, म्हणून तिला हे नळकांडं सगळ्यात चांगलं मानवतं. बारा बोअरच्या रुंद नळीला तेवढं नाही. अमेरिकेत १९३४ च्या कायद्यानं त्यावर २०० डॉलर कर बसवला, त्या काळात बंदुकीपेक्षा कर जास्त झाला. फिनलंड-नॉर्वेकडं मात्र शिकारी ते सर्रास लावतात, कानाला आणि शेजाऱ्याला त्रास नको म्हणून. तिकडच्या माणसाला बावीससाठी सायलेन्सर घ्यावा की त्याच पैशात छर्र्याची बंदूक घ्यावी, असा प्रश्न खरोखर पडतो. आमच्याकडं कायद्यानंच तो मिटवलेला आहे. १९५९ च्या कायद्यात बंदुकीचा आवाज नाहीतर उजेड कमी करणारा सुटा भागही ‘अग्निशस्त्र’ ह्या व्याख्येतच धरलाय. म्हणजे नुसतं नळकांडं खिशात असलं तरी कायद्याच्या लेखी बंदूकच.

पण आमच्या ओसरीवर कायद्यापर्यंत जायची वेळच आली नाही. आजी दळण पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि मामाला विचारलं, “बापू, बार वाजायचाच नसंल तर मंग ती घ्यायची कामून?”

मामा म्हणाला, “आत्याबाई, डुक्कर मरंल ना.”

“मेलं तर एक मरंल. आवाजानं पन्नास जातेत.”

जागलीचा सगळा धंदाच आवाजाचा होता. डबडं, पत्रा, हाळी, गोफणीचा फटका, सगळ्यांनी जनावराला एवढंच कळवायचं की इथं माणूस जागा आहे. बंदूक त्यातलीच, फक्त मोठी. शिवाय बार एका शेताचा नसायचा. ओढ्याकडं बार झाला की अर्ध्या शिवारातले माळे जागे व्हायचे, डुक्कर कुणाच्या अंगावर चाललंय हे दिशेवरून कळायचं. लागोपाठ दोन बार झाले तर काहीतरी बरंवाईट घडलंय, माणसं कंदील घेऊन पळायची. मुक्या बंदुकीनं हे काहीच झालं नसतं.

आजीचा दुसरा प्रश्न आणखी अवघड होता. “तुझी गोळी डुकराला नाही लागली तर जाती कुठं?” मामाला उत्तर माहीत होतं, म्हणून तो गप्प बसला. बावीसची गोळी दिसायला मटकीच्या दाण्यासारखी, पण दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. तेवढ्या टापूत आमच्याकडं आठ-दहा माळे होते आणि प्रत्येकावर कुणाचा तरी बाप नाहीतर पोरगा निजलेला. बारीक छर्रा दोन-अडीचशे मीटरच्या आत दम टाकतो.

बावीस बाद झाली. ठासणीची की काडतुसाची, हा वाद मात्र महिनाभर चालला, कारण तो पैशाचा होता. बारा बोअरची एकनळी म्हणजे जवळजवळ एका चांगल्या बैलाची किंमत, आणि काडतूस विकत. शेवटी अण्णांनीच माघार घेतली. त्यांनी एक रात्र माळ्यावर काढली, सकाळी अर्धा एकर भुईमूग उकरलेला बघितला आणि पाटीवर बसून अर्ज लिहिला, की सदर ठासणीची बंदूक पावसाळ्यात निकामी ठरत असल्याने पिकांचे संरक्षणास पुरत नाही. सातबारा, तलाठ्याचा दाखला, पोलिसांचा अहवाल, तालुक्याला चार खेपा, जिल्ह्याला तीन. परवाना येईपर्यंत दुसरा खरीप आला.

बंदूक आली आणि नवीनच अडचण सुरू झाली. तात्या बार टाकीना. खडकीच्या कारखान्यातलं काडतूस, मोजून आणलेलं, परवान्यावर नोंद झालेलं. ठासणीच्या काळात आजा रात्रीतून पाच बार उडवायचा, दारूत छर्रे न घालता नुसता पोकळ बारही काढायचा. तात्या एका रात्रीत एक, तोही नाइलाजानं. डुकरांना हे आठ दिवसांत समजलं.

आजाचा नियम मात्र त्यानं मोडला नाही. पहिला बार आभाळात. एका अमावास्येला ज्वारीत खसफस झाली, ताटं हलली, तात्यानं खांद्याला बंदूक लावली, मग नळी वर केली आणि बार काढला. ज्वारीतून आवाज आला, “तात्या, मी हाय! मी हाय!” शेजारच्या माळ्यावरचं चौदा वर्षांचं पोर काडेपेटी मागायला मधून येत होतं. तात्या माळ्यावरून उतरला आणि बांधावर बसून राहिला. त्या रात्री त्यानं पुढं जागल केली नाही, शेजाऱ्यानं दोन्ही रानं राखली. ते पोर आज साठीच्या पुढं आहे, त्याला नातवंडं आहेत, आणि कानात अजून घूं होतं म्हणून सांगतं.

वन्यजीव कायदा १९७२ चा, पण गावात कळायला वेळ लागला. हरीण, रोही, डुक्कर यांना परवानगीशिवाय मारता येत नाही. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर त्याच कायद्यानं अधिकारी तशी लेखी परवानगी देऊ शकतो. पण तो कागद येईस्तोवर पीक खळ्यात आलेलं असतं, नाहीतर डुकराच्या पोटात. मारायला बंदी झाल्यावर बंदूक उरली ती आवाजापुरतीच.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. निवडणुका कणसं बघून जाहीर होत नाहीत. तात्या वारला तेव्हा बंदूक अशीच जमा झाली. परवाना वारसाच्या नावावर करायचा म्हणजे परत सगळ्या खेपा. चुलतभावानं एक केली, दुसरीला गेला नाही.

आता ज्वारीच्या जागी मका आहे. सिल्लोडच्या बाजारात मक्याच्या गाड्यांची रांग लागते, आणि डुकराला मका ज्वारीपेक्षा जास्त आवडतो. पोरं प्लास्टिकच्या पाईपात कार्बाईड नि पाणी घालून लायटरनं बार काढतात. त्याला ना परवाना ना नोंद. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशाच नळ्यांनी कितीतरी लेकरांचे डोळे भाजले, काहींची नजर गेली. पाईप पेटला नाही की पोरगं वाकून आत बघतं. पुतण्याला मी हे सांगितलं. त्यानं पाईप ठेवून दिला आणि वाघाची डरकाळी वाजवणारा भोंगा आणला. पहिले तीन दिवस एकही डुक्कर फिरकलं नाही. चौथ्या रात्री भोंग्याच्याच बुडाशी दोन सऱ्या आडव्या झाल्या.