ईजीआर आणि एससीआर: नॅव्हिस्टारच्या मॅक्सफोर्स इंजिनाचं गणित कुठे चुकलं?

पुढच्या वेळी हायवेवर चहाला थांबलात आणि शेजारी बीएस-६ ट्रक उभा असेल, तर त्याच्या डिझेल टाकीच्या आसपास नजर टाका. निळ्या झाकणाची एक छोटी टाकी दिसेल. तिच्यात डीईएफ असतं, म्हणजे शुद्ध पाण्यात विरघळवलेला ३२.५ टक्के युरिया. ड्रायव्हर मंडळी त्याला सरळ 'युरिया'च म्हणतात. पंपावर बादल्या रचून ठेवलेल्या असतात, त्या याच्याच.

या निळ्या झाकणाला अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रक कंपनीने ठाम नकार दिला होता. 'इंटरनॅशनल' नावाचे ट्रक बनवणारी नॅव्हिस्टार. बाकी सगळे एका बाजूला आणि ही एकटी दुसऱ्या बाजूला. पाच वर्षांत कंपनी पार गाळात गेली. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, पण ट्रक आणि इंजिनांचं वेड जुनं आहे, आणि या वेडापायी जेवढं वाचलंय त्यात ही गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. कारण इथे इंजिन कमी आणि मॅनेजमेंट जास्त चुकलं, असं माझं मत आहे. ते पटण्यासाठी आधी इंजिनाच्या आत काय होतं ते बघावं लागेल.

आधी नॉक्स समजून घेऊ

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की पेट घेते. आता हवेत जवळपास ७८ टक्के नायट्रोजन. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण सिलिंडरमधल्या प्रचंड उष्णतेत त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. यालाच नॉक्स म्हणतात. धुरकं, ओझोन आणि श्वसनाचे त्रास यात याचा मोठा हात असतो.

मग ज्वलन थोडं थंड करायचं का? करता येतं. पण मग डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते आणि मायलेज पडतं. गरम जाळा, नॉक्स वाढतो. थंड जाळा, काजळी वाढते. डिझेल इंजिनिअरची अख्खी नोकरी या दोघांच्या मधे अडकलेली असते.

यातून दोन रस्ते निघतात.

पहिला ईजीआर. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला काही भाग वळवायचा, कूलरमधून थंड करायचा आणि परत इंजिनात सोडायचा. या धुरात ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जास्त. त्यामुळे ज्वलनाचं कमाल तापमान खाली येतं आणि नॉक्स मुळात तयारच कमी होतो.

दुसरा एससीआर. इंजिनाला मस्त गरम जळू द्यायचं, नॉक्स होऊ द्यायचा आणि धूर बाहेर पडण्याआधी त्यावर युरियाचा फवारा मारायचा. उष्णतेने युरियातून अमोनिया सुटतो, कॅटॅलिस्टवर त्याची नॉक्सशी रासायनिक क्रिया होते आणि बाहेर पडतं ते नायट्रोजन आणि पाणी. तोटा काय, तर वेगळी टाकी, वेगळा पंप, सेन्सर आणि दर काही दिवसांनी युरिया भरायची कटकट. शिवाय हे द्रावण उणे ११ अंशाला गोठतं, त्यामुळे अमेरिकेच्या उत्तर भागात टाकीला हीटरही लागतो.

२०१० चा आकडा

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, हिने २००१ मध्येच नियम जाहीर केला होता: २०१० पासून अवजड डिझेल इंजिनातून नॉक्स ०.२ ग्रॅमपेक्षा जास्त नको. हे माप इंजिनाने एक हॉर्सपॉवर ताकद तासभर दिली तर त्यामागे किती, असं मोजतात. २००७ ते २००९ हा मधला टप्पा होता आणि त्या काळात बहुतेक कंपन्या साधारण १.२ ग्रॅमच्या आसपास होत्या. म्हणजे २०१० ची उडी थेट सहा पटींची. पण तयारीला नऊ वर्षं मिळाली होती, हे लक्षात ठेवा.

व्होल्वो, मॅक, डेट्रॉइट, पॅकार या सगळ्यांनी एससीआर घेतलं. कॅटरपिलरने २००८ मध्ये सांगून टाकलं की हायवेवरच्या ट्रकसाठी आम्ही २०१० नंतर इंजिन बनवणारच नाही. एवढ्या नावाजलेल्या कंपनीने मैदान सोडलं, यावरून तो आकडा किती अवघड होता ते कळतं.

कमिन्सचं उदाहरण मात्र मला सगळ्यात आवडतं. (पुणेकरांना हे नाव आधी मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे आठवतं, पण ती मूळची इंजिन कंपनी.) २००७ मध्ये कमिन्सचाही विचार होता की मोठ्या इंजिनाला ईजीआरवरच भागवायचं. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांनी जाहीरपणे विचार बदलला आणि एससीआरकडे वळले. तेव्हा थोडी फजिती झाली असेल. पण मुदतीला दीड वर्ष बाकी होतं.

नॅव्हिस्टारने काय केलं?

नॅव्हिस्टारचे प्रमुख होते डॅनियल उस्टियन. १९७३ पासून कंपनीत, २००३ पासून सीईओ. त्यांनी ठरवलं की आम्ही फक्त ईजीआर वापरणार, युरिया नाहीच. आणि हे नुसतं ठरवलं नाही, तर जाहिरातीतून, डीलरमार्फत, सगळीकडे सांगितलं: आमच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरला युरियाची झंझट नाही.

ग्राहकाच्या नजरेने बघितलं तर यात दम होता. तेव्हा अमेरिकेत युरिया सहज मिळत नव्हता. मालकाला अजून एक टाकी, अजून एक खर्च नकोच होता. आणि नॅव्हिस्टारचा एक आक्षेप तर आजही खरा आहे: युरियाची टाकी रिकामी ठेवली किंवा त्यात साधं पाणी घातलं, तर काय? आपल्याकडेही युरिया वाचवण्यासाठी सेन्सरला फसवणारे इम्युलेटर विकले जातात, ते याच वृत्तीतून. तेव्हा उस्टियन यांची कल्पना वेडगळ होती असं मी म्हणणार नाही.

अडचण अशी होती की इंजिन ०.२ पर्यंत पोचतच नव्हतं. मॅक्सफोर्स १३ साधारण ०.५ ला अडकलं.

मग २०१० मध्ये विकलं कसं? क्रेडिटवर. आपला मोबाइल डेटा उरला की पुढच्या महिन्यात जमा होतो ना, तसंच. आधीच्या वर्षांत मर्यादेपेक्षा स्वच्छ इंजिनं विकली की कंपनीच्या खात्यात क्रेडिट जमा व्हायचे आणि नंतर जरा जास्त धूर सोडणाऱ्या इंजिनांसाठी ते वापरता यायचे. पूर्ण कायदेशीर. पण डेटासारखेच क्रेडिटही संपतात, आणि २०१२ मध्ये ते संपत आले.

एवढा ईजीआर ढकलला की इंजिनाचं काय होतं?

थोडा ईजीआर सगळेच वापरत होते. नॅव्हिस्टारला मात्र नॉक्स फक्त त्यानेच खाली आणायचा होता, म्हणून धूर भरपूर प्रमाणात परत आत घालावा लागला. मग त्यासोबत पुरेशी ताजी हवा कोंबायला एकापाठोपाठ दोन टर्बो आले. गरम धुराची उष्णता कूलरमधून कूलंटमध्ये जाते, म्हणजे रेडिएटरवरचा भार वाढला. ईजीआर कूलर आणि व्हॉल्व्ह सतत काजळी आणि उष्णता सोसत राहिले. थंड ज्वलनामुळे काजळी जास्त, म्हणून ती अडवणारा डीपीएफ फिल्टर लवकर भरायचा आणि तो वारंवार जाळून साफ करावा लागायचा.

मालकांच्या तक्रारी नेमक्या याच भागांच्या होत्या. ट्रक महिन्यातून कितीदा वर्कशॉपला उभा राहतो यावर छोट्या मालकाचं घर चालतं. बँकेचा हप्ता काही गाडी बंद आहे म्हणून थांबत नाही. पुढे २०११ ते २०१४ मॉडेलच्या मॅक्सफोर्स ११ आणि १३ इंजिनांबद्दल अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि कंपनीने १३.५ कोटी डॉलरची तडजोड केली. पण त्यातला काही भाग नव्या ट्रकवरच्या सवलतीच्या रूपात होता. ज्याने एकदा हात पोळून घेतला त्याला त्याच दुकानाचं कूपन!

आता गंमत बघा. मॅक्सफोर्स १३ चा पाया जर्मन कंपनी मानच्या डी२६ इंजिनाचा. २०१७ मध्ये याच कंपनीने ए२६ नावाचं इंजिन आणलं, त्याचाही पाया मानचं डी२६. या वेळी टर्बो एकच आणि सोबत एससीआर. म्हणजे मूळ इंजिन दगड नव्हतं, त्याच्या डोक्यावर दिलेलं ओझं अवाजवी होतं.

२०१२: सगळं एकदम

जानेवारी २०१२ मध्ये ईपीएने एक पळवाट दिली: ०.२ गाठता येत नसेल तर दर इंजिनामागे दंड भरा आणि विका. अवजड इंजिनाला जास्तीत जास्त १,९१९ डॉलर. प्रतिस्पर्धी भडकले, आणि ते साहजिकच होतं. आम्ही एससीआरवर पैसा ओतला आणि ही कंपनी दोन हजार डॉलरच्या आत सुटणार? ते कोर्टात गेले. १२ जून २०१२ ला अपील कोर्टाने तो नियम रद्द केला, कारण ईपीएने हरकती-सूचना न मागवताच तो लागू केला होता.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत सगळं उलटलं. जुलैमध्ये नॅव्हिस्टारने एससीआर स्वीकारत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये उस्टियन पायउतार झाले. एससीआरची यंत्रणा कुणाकडून घेतली? कमिन्सकडून. शिवाय कमिन्सचं १५ लिटरचं अख्खं इंजिनही इंटरनॅशनल ट्रकमध्ये परत आलं. त्या आर्थिक वर्षात कंपनीचा तोटा ३०० कोटी डॉलरवर गेला. त्यातला मोठा हिस्सा करविषयक हिशेबाच्या नोंदीचा होता, पण उरलेलाही कमी नव्हता.

याची झळ आपल्या चाकणपर्यंत आली. महिंद्रा आणि नॅव्हिस्टार यांची २००५ पासून ट्रकची भागीदारी होती, त्यात महिंद्राचे ५१ टक्के. तुमच्यापैकी कुणी रस्त्यावर 'महिंद्रा नॅव्हिस्टार' लिहिलेले ट्रक पाहिले असतील, ते याच भागीदारीतले. त्यांचं ७.२ लिटरचं मॅक्सफोर्स इंजिन वेगळं होतं आणि इथल्या तेव्हाच्या सैल नियमांसाठी होतं, त्यामुळे वरच्या भानगडीशी त्याचा संबंध नाही. नावसाधर्म्याने गोंधळू नका. पण डिसेंबर २०१२ मध्ये नॅव्हिस्टार आपला ४९ टक्के हिस्सा महिंद्राला विकून बाहेर पडली. घरी आग लागली की माणूस परगावची जमीन विकतो, तसं.

मग ईजीआर वाईट का?

अजिबात नाही, आणि याचा पुरावा भारतातच आहे. २०१७ मध्ये बीएस-४ देशभर लागू झालं तेव्हा टाटाने मोठ्या ट्रकसाठी एससीआर घेतलं, तर अशोक लेलँडने युरियाशिवाय चालणारं आयईजीआर आणलं. भर दिला तो त्याच मुद्द्यावर: युरिया नको, देखभाल सोपी. मग नॅव्हिस्टार बुडाली तिथे लेलँडचं कसं निभावलं?

आकडा बघा. बीएस-४ ची नॉक्स मर्यादा ३.५ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास. अमेरिकेचा ०.२ याच मापात बदलला तर साधारण ०.२७ होतो. चाचणीच्या पद्धती वेगळ्या आहेत, तरी फरक तेरा पटींचा! लेलँडला ईजीआरकडून जेवढं हवं होतं तेवढं तो आरामात देऊ शकत होता. आणि २०२० मध्ये बीएस-६ आलं, मर्यादा अर्ध्या ग्रॅमच्याही खाली गेली, तेव्हा लेलँडनेही एससीआर घेतलं. निळं झाकण आलं. वेळ बदलली तसा निर्णय बदलला, एवढंच.

माझ्या मते नॅव्हिस्टारची खरी चूक २००७ च्या निर्णयात नव्हती. ती २००९-१० मध्ये होती, जेव्हा ०.५ च्या खाली गाडी सरकत नाही हे दिसत होतं आणि तरी दुसरा पर्याय समांतर तयार ठेवला गेला नाही. आमच्या क्षेत्रात याला नाव आहे: आधी सेल्सवाला ग्राहकाला फीचर सांगून येतो आणि मग इंजिनिअरला विचारतो की हे होईल ना. मी स्वतः अशा एका प्रोजेक्टवर सात महिने घालवलेत. शेवटी 'नाही होणार' हे सांगायची हिंमत कुणाची, एवढाच प्रश्न उरतो. जाहिरातीत जेवढं मोठ्याने बोलाल, तेवढं मागे फिरणं महाग पडतं. कमिन्स वेळेत मागे फिरू शकली, नॅव्हिस्टारचे पूल आधीच जळालेले होते.

आणि न सांगण्याची किंमत वेगळी. २०१६ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने ठपका ठेवला की ०.२ च्या इंजिनाची मंजुरी कितपत जवळ आहे याबद्दल कंपनीने गुंतवणूकदारांची दिशाभूल केली. आरोप मान्य किंवा अमान्य न करता नॅव्हिस्टारने ७५ लाख डॉलर दंड भरला.

पुढे फोक्सवॅगन समूहाच्या ट्रॅटन कंपनीने आधी थोडे शेअर घेतले आणि जुलै २०२१ मध्ये अख्खी नॅव्हिस्टार विकत घेतली. स्कॅनिया आणि मान हे ब्रँडही ट्रॅटनचेच. २०२२ मध्ये इंटरनॅशनलने एस१३ हे नवं इंजिन आणलं, स्कॅनियाच्या डिझाइनवर आधारलेलं. त्यात ईजीआर कूलरच काढून टाकलाय, टर्बोही साधा ठेवलाय आणि युरियाचा फवारा एकदा नाही, दोन टप्प्यांत मारला जातो.