पिवळी पडलेली तबकडी

शनिवारी दुपारी घड्याळांच्या लिलावाचे कॅटलॉग चाळणं हा माझा सध्याचा उद्योग आहे. घ्यायचं काहीच नसतं (आयटीतला पगार लोक समजतात तेवढा नसतो! :-)), नुसतं बघायचं. बघता बघता एक गंमत लक्षात आली. पन्नास-साठच्या दशकातली सोन्याची दोन सारखी घड्याळं. एकाची तबकडी लख्ख, नवीकोरी. दुसऱ्याची पिवळसर, कडेला तपकिरी झाक, तीनच्या आकड्याजवळ डाग. आणि महाग कुठलं? तर दुसरं. थोडंथोडकं नाही, चांगलंच महाग.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी चांदीची भांडी घासून चकाचक करतात. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. म्हणून जरा खोलात गेलो.

ही सगळी ‘ड्रेस’ घड्याळं. म्हणजे पातळ, साधी, शर्टाच्या बाहीखाली सहज सरकणारी. या जातीतलं सगळ्यात नावाजलेलं घड्याळ म्हणजे जिनिव्हाच्या पाटेक फिलिपचं कालात्रावा, मॉडेल नंबर ९६. व्यास जेमतेम ३१ मिलिमीटर, आजच्या हिशेबाने बायकांचं घड्याळ वाटेल. ते आलं १९३२ साली, आणि त्या सालाची गोष्ट मला फार आवडते.

१९२९ च्या मंदीने पाटेक फिलिपचं कंबरडं मोडलं होतं. अमेरिकेतली मागणी आटली होती. कंपनी विकायला निघाली तेव्हा ती घेतली कोणी? बँकेने नाही, दुसऱ्या घड्याळ कंपनीनेही नाही. घेतली ती तिला तबकड्या पुरवणाऱ्या कारखानदारांनी. शार्ल आणि जाँ हे स्टर्न बंधू. त्यांचा जिनिव्हात फक्त तबकड्या बनवायचा कारखाना होता. म्हणजे व्हेंडरने क्लायंटच विकत घेतला! आजही कंपनी स्टर्न कुटुंबाकडेच आहे, आता चौथी पिढी. त्यामुळे या घड्याळांच्या तबकड्या इतक्या मन लावून केलेल्या का असतात, याचं उत्तर मालकाच्या मूळ धंद्यातच आहे.

त्या करायची पद्धत अशी. धातूच्या पातळ चकतीवर नाव आणि बारीक रेघा आधी कोरायच्या. कोरलेल्या खाचांत काळ्या मीन्याची पूड भरायची आणि चकती भट्टीत घालायची. मीना वितळून खाचांत घट्ट बसतो. आपल्या जयपूरच्या मीनाकारीचंच तत्त्व, फक्त रंग एकच आणि अक्षर मोहरीएवढं. मग घासून सपाट करायचं, वर चांदीचा मुलामा, आणि शेवटी ती चांदी काळी पडू नये म्हणून पारदर्शक लॅकरचा अगदी पातळ थर.

गोम आहे ती या शेवटच्या थरात. हे लॅकर सेल्युलोज नायट्रेटचं. जुन्या सिनेमाची रिळं ज्याची असत तेच. (आपले कित्येक मूकपट याच रसायनापायी जळून किंवा कुजून गेले.) उजेडाने आणि दमट हवेने ते वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं आणि कधी कधी त्याला तडे जातात. तडा गेला की हवा खालच्या चांदीपर्यंत पोचते. हवेतल्या गंधकाच्या वायूने चांदीचं सल्फाइड बनतं, म्हणजे देवघरातलं निरांजन काळं पडतं तेच. संरक्षणासाठी टाकलेला थरच पुढे दुखण्याचं मूळ होतो. आमच्या कोडमध्येही हे रोज बघतो, असो.

शिवाय ड्रेस घड्याळ कधीच पाण्याचं घड्याळ नव्हतं. मागचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं. ओलावा शिरतो तो कडेने आणि चावीच्या दांड्याच्या भोकातून. म्हणूनच डाग बहुतेक वेळा कडेला आणि तीनच्या जवळ सापडतात. काट्यांवर अंधारात चमकणारं रेडियम असेल आणि घड्याळ बरीच वर्षं बंद पडून असेल, तर काटे जिथे थांबले तिथे त्यांची तपकिरी सावली तबकडीवर भाजल्यासारखी उमटते. हा डाग मला सगळ्यात आवडतो. घड्याळ किती वाजता थांबलं ते लिहून ठेवलेलं असतं.

आता महत्त्वाचं. ही पिवळी तबकडी त्या काळी कोणालाच आवडत नव्हती! पन्नास-साठच्या दशकात घड्याळ सर्व्हिसिंगला गेलं की तबकडी नवी करून मिळणं हा साधा शिरस्ता होता. गिऱ्हाईकच मागायचं. जुना थर खरवडायचा, पुन्हा मुलामा, आणि हाताशी नमुना असेल त्याप्रमाणे नाव पुन्हा छापायचं. इथेच चोरी पकडली जाते. साधारण १९४८ पर्यंत तबकडीवर नावापुढे ‘अँड कंपनी’ असायचं, नंतर ते गेलं. १९४० च्या घड्याळावर नंतरच्या धाटणीचं नाव दिसलं की समजायचं, मध्ये कोणाचा तरी हात फिरलाय. भिंगाखाली मीन्याचं अक्षर किंचित उठावदार दिसतं, छापलेलं सपाट.

मग चव बदलली कधी? माझ्या मते क्वार्ट्‌झनंतर. सायकोचं पहिलं क्वार्ट्‌झ घड्याळ १९६९ च्या डिसेंबरात आलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वेळ बघायला चावीच्या घड्याळाची गरजच उरली नाही. गरज संपली की वस्तू संग्रहात जाते. १९८९ मध्ये पाटेक फिलिपच्या दीडशेव्या वर्षी अँटिकोरमने जिनिव्हात फक्त याच कंपनीच्या घड्याळांचा लिलाव केला. त्या सुमारास जुन्या मनगटी घड्याळांचा बाजार नीट उभा राहिला, आणि हळूहळू ‘हात न लावलेली’ तबकडी दुर्मिळ ठरली. दुर्मिळ का, तर आधीच्या पिढीने बाकीच्या सगळ्या नव्या करून टाकल्या होत्या म्हणून! आता तर नव्या तबकड्या उन्हात आणि ओव्हनमध्ये ठेवून म्हाताऱ्या करणारे कारागीर निघालेत. अस्सल डाग कडेकडून, उगमाकडून पसरतो. ओव्हनचा डाग सगळीकडे सारखा असतो. माणसाला डागसुद्धा नीटनेटका काढायची सवय, ती तिथे नडते.

या जगात आपल्या मुंबईचंही नाव आहे, पण शिवीसारखं. ‘मुंबई स्पेशल’ म्हणजे जुन्या यंत्रावर भडक नारिंगी किंवा हिरवी तबकडी रंगवून विकलेलं घड्याळ. परदेशी संग्राहक नाक मुरडतात. मला ते पूर्ण पटत नाही. आयातीवर कडक बंधनं होती, १९६१ पर्यंत एचएमटीही नव्हतं. आहे ते घड्याळ पुन्हा पुन्हा जगवणं हीच गरज होती. जिनिव्हात जे सन्मानाने होत होतं तेच इथे फुटपाथवर ब्रशने होत होतं. फसवणूक म्हणायची तर ती परदेशात ‘मूळ’ म्हणून विकताना सुरू होते.

आमच्या घरातही हा वाद गाजतोय. आजोबांचं वेस्ट एंड आहे, स्टीलचं. तबकडी चहाच्या रंगाची, तीनपाशी काळपट. बाबांना ती नवी करून हवी आहे. "अरे, माणूस असता तर त्यानेच करून घेतली असती. असं कळकट ठेवणं म्हणजे आठवण जपणं नव्हे." इतिहास बघितला तर मुद्दा त्यांचा बरोबर आहे, आणि हेच मला अडचणीचं होतं.

मागच्या रविवारी घड्याळजीने झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला आधीच्या घड्याळजींनी टोकाने ओरखडलेल्या दुरुस्तीच्या तारखा असतात, तशा तीन होत्या. शेवटची ५-८१. भिंगातून ती बघून बाबा थांबले. "हे मीच नेलं होतं. दहावीच्या सुट्टीत. काच बदलायला." मग थोड्या वेळाने, जरा नाखुशीने, "तबकडीचं त्याने तेव्हाही विचारलं होतं. आजोबा म्हणाले, वेळ दिसतेय ना? मग काच तेवढी बदल."

घड्याळ सध्या तेलपाण्याला दिलंय. तबकडीचं घड्याळजीला अजून काही सांगितलेलं नाही.