अनोळखी मृतदेहाचं पुढे काय होतं?

मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर जालना आणि सेलू यांच्या दरम्यान परतूर स्थानक लागतं. मुंबई, नांदेड, हैदराबादकडे जाणारे मजूर, भाविक, फिरते विक्रेते याच मार्गाने जातात. त्यांच्यापैकी कुणाचा वाटेत मृत्यू झाला आणि खिशात नाव-पत्ता सांगणारा कागद नसेल, तर परतूरमध्ये त्याला ओळखणारं कुणी नसतं.

‘अनोळखी’ आणि ‘बेवारस’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण ते वेगळे आहेत. अनोळखी म्हणजे ओळख पटलेली नाही. बेवारस म्हणजे ताब्यात घ्यायला कुणी आलेलं नाही. सरकारी रुग्णालयात नाव-गाव सांगून दाखल झालेल्या रुग्णाचाही मृतदेह बेवारस ठरू शकतो.

गावच्या शिवारात मृतदेह आढळला तर पोलीस ठाण्याला कळवणं ही पोलीस पाटलाची जबाबदारी आहे. स्थानकात किंवा रुळांवर आढळला तर प्रकरण साधारणपणे लोहमार्ग पोलिसांकडे जातं. आधी ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार पोलीस पंचांसमक्ष मृतदेहाचा पंचनामा करतात आणि 24 तासांत अहवाल वरिष्ठ दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. 1 जुलै 2024 पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली होत असे. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर शवविच्छेदन होतं आणि घातपात दिसला तर रीतसर गुन्हा दाखल होतो.

खरा कस लागतो तो ओळख पटवताना. फोटो, कपडे, गोंदण, जुन्या जखमांचे व्रण यांची नोंद करून शेजारच्या ठाण्यांना शोधपत्रिका पाठवली जाते आणि बेपत्ता व्यक्तींच्या नोंदींशी वर्णन ताडून पाहिलं जातं. अंगठा लावून ‘आधार’मधून नाव का काढत नाहीत, हा प्रश्न हमखास विचारला जातो. आधार कायद्याचं कलम 29 बोटांचे ठसे कुणालाही देण्यास मनाई करतं. शिवाय आधारची पडताळणी दिलेल्या क्रमांकाशी ठसा जुळवते. इथे तर क्रमांकच माहीत नसतो.

याच लोहमार्गावर 8 मे 2020 रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली 16 मजुरांचा मृत्यू झाला. ते जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातले होते. त्यांचे काही सोबती वाचले, त्यामुळे कोण कुठला हे सांगणारं कुणीतरी होतं. एकट्या प्रवाशाच्या बाबतीत तेवढंही नसतं.

मृतदेह शीतपेटीत बहुधा तीन दिवस ठेवतात. त्यानंतर पोलिसांची हरकत नसेल तर शहरात नगरपरिषद अंत्यविधीची व्यवस्था करते. बेघरांच्या बेवारस मृतदेहांवर त्यांच्या धर्माप्रमाणे सन्मानाने अंत्यसंस्कार व्हावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘आश्रय अधिकार अभियान’ प्रकरणात 2002 मध्ये नोंदवलं. ओळख पटलेली नसताना दहनापेक्षा दफन सोयीचं, कारण पुढे वारस आले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मृतदेह उकरून तपासता येतो. त्याआधी डीएनएसाठी दात, हाड किंवा रक्ताचा नमुना राखलेला असेल तर उकरण्याची वेळही येत नाही. दुसरी वाट 1949 च्या शरीरशास्त्र कायद्याची. ठरावीक मुदतीत दावा न झालेला मृतदेह त्यानुसार वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देता येतो. जालन्यातही 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे.

नाव न सापडण्याची किंमत घरचे मोजतात. मृत्यूचा दाखला नाही म्हणजे विमा नाही, वारसनोंद नाही, विधवा म्हणून निवृत्तिवेतन नाही. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल, तर तो जिवंत असल्याचं सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर येतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 111 मध्ये ही तरतूद आहे. तोवर घर अधांतरी राहतं. प्रवासी गाडीतून पडून दगावला असेल तर वारसांना रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे 8 लाख रुपयांची भरपाई मागता येते, पण अर्जाची मुदत एक वर्षाची आहे. उशिराचं सबळ कारण दिल्यास ती शिथिल होऊ शकते. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रीना देवी प्रकरणात म्हटलं आहे.

माणूस हरवल्याची तक्रार आपल्या जवळच्या ठाण्यातही देता येते, तो जिथे हरवला तिथेच जावं लागत नाही. तक्रारीत फोटोबरोबर गोंदण, पडलेला दात, मोडलेलं हाड, कोणत्या गाडीने निघाला हे सगळं लिहून द्यावं. परतूरच्या पंचनाम्यातही याच खुणा लिहिलेल्या असतात.